वहाणेचा चोर कोण?

गोव्याच्या डिचोली तालुक्यात, मांडवी नदीच्या काठी, आमोणे नावाचे गाव आहे. तेथील बेताळाचे देवस्थान प्रसिद्ध आहे. बेताळ हा गावाचा राखणदार. तो रात्री गावाभोवती फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी आमच्या हिंदू बांधवांची परंपरागत श्रद्धा आहे. म्हणूनच गोव्यात कित्येक ठिकाणी बेताळाला चामड्याच्या वहाणा वाहण्याची चाल आहे. राखणदार आणि वहाण यांचे हे जुने नाते आम्ही ऐकून होतो. पण त्याच गावी एका कुटुंबाच्या भेटीस गेलो असता राखणदार आणि वहाण यांचे दुसरेच एक प्रकरण आमच्यापुढे आले, आणि त्याचा निवाडा करण्याची पाळी आमच्यावर आली.

आम्ही अंगणात पाऊल टाकले तेव्हा घरचा कर्ता मुलगा हातात रिकामे पोते घेऊन उभा होता. ओसरीच्या कोपऱ्यात नऊ-दहा वर्षांची त्याची लेक एका तांबूस पिल्लाला कवटाळून रडत होती. पिल्लाचे नाव टायगर. पुढ्यात पुरावा पडलेला होता : लग्नकार्यासाठी घेतलेली कोरी करकरीत चामड्याची वहाण, आणि तिचा अंगठा जाग्यावर नाही.

"फादर, तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "आधी पोरीच्या शाळेच्या पिशवीचा पट्टा खाल्ला, मग दाराची चौकट कुरतडली, आणि आज ही वहाण. आता याला पोत्यात घालून पुलापलीकडे खांडोळ्याच्या बाजूस सोडून येतो. कोणी ना कोणी घालील तुकडा."

घरातील आजी, जिला सारे घर 'शामाय' म्हणते, ती दारातून म्हणाली, "कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. पण बाबा, मुके जनावर ते. त्याला पुलापलीकडे कोण ओळखतो?"

आम्ही टायगरला जवळ घेतले आणि त्याचा वरचा ओठ हळूच उचलला. हिरड्या लाल झाल्या होत्या. पुढचे दोन दात पडून गेले होते, आणि एका बाजूस सुईसारख्या बारीक जुन्या सुळ्याशेजारी नवा जाड सुळा डोके वर काढीत होता. आम्ही त्या मुलाला विचारले, "याचे वय काय?" तो म्हणाला, "चार महिन्यांचा असेल." तेव्हा आम्ही म्हटले, "मग पोते बाजूला ठेव. तुझ्या मुलीला दात येत होते तेव्हा ती काय काय चावत होती, ते आधी शामायला विचार."

दात येण्याचे दिवस

मनुष्याच्या बालकाला दुधाचे दात वीस येतात आणि पुढे मोठेपणी बत्तीस होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात अठ्ठावीस असतात आणि पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला बेचाळीस. हे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हिरडीतून वर येऊ लागतात. पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचे झाले की ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत बहुधा सगळे पक्के दात येऊन जातात. म्हणजे जे स्थित्यंतर आपल्या मुलांच्या बाबतीत सहा-सात वर्षे चालते, ते या बिचाऱ्याच्या तोंडात तीन-चार महिन्यांत उरकते. हिरड्या ठणकतात, सळसळतात. काहीतरी दाताखाली दाबले म्हणजे बरे वाटते. पडलेले दात आपल्या दृष्टीस क्वचितच पडतात, कारण पिल्लू ते बहुधा गिळून टाकते. त्यामुळे घरच्यांना वाटते की याला अचानक वाईट खोड लागली.

दात आले की चावणे थांबते असे मात्र नव्हे. वर्ष-दीड वर्षापर्यंत हा जोर टिकतो, आणि त्यानंतरही कुत्रा जन्मभर थोडेफार चावीतच राहतो. आपण एखादी नवी वस्तू हाताने चाचपून पाहतो. त्याला हात नाहीत, तो तोंडाने चाचपतो. चावल्याने त्याचे दात स्वच्छ राहतात आणि अस्वस्थ मन शांत होते. ही खोड नव्हे, ही त्याची प्रकृती आहे. आता वहाणच का? कारण वहाण चामड्याची असते आणि तिला घरच्या माणसाच्या घामाचा वास असतो. ज्याची तो दिवसभर वाट पाहतो त्याचाच तो वास. वहाण कुरतडणाऱ्या पिल्लाच्या मनात सूड नसतो. उलट ज्याची वहाण त्याने निवडली त्याच्यावर त्याचा लोभ असण्याचाच संभव अधिक.

'त्याला कळते, म्हणूनच तो मान खाली घालतो'

येथे तो मुलगा म्हणाला, "फादर, त्याला सगळे कळते. मी ओरडलो की कान पाडतो, शेपूट पायांत घालतो, नजर चुकवतो. चूक कळत नसती तर असे केले असते का?"

हा प्रश्न अनेक घरांतून विचारला जातो, आणि त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनीही केला आहे. न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीने २००९ साली चौदा कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्यापुढे खाऊ ठेवावा, 'खाऊ नकोस' असे बजावावे आणि खोलीबाहेर जावे. मागे कधी कुत्र्याला तो खाऊ खाऊ दिला जाई, तर कधी उचलून घेतला जाई. मग मालकास सांगण्यात येई की कुत्र्याने खाल्ले, अथवा खाल्ले नाही. आणि हे सांगणे कधी खरे असे, कधी खोटे. निष्कर्ष असा निघाला की, कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्याने अपराध केला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागे भरला की नाही यावर होता. इतकेच नव्हे, तर काही न खाता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांच्या मुद्रेवर तो भाव अधिक दिसला.

तात्पर्य, टायगर मान खाली घालतो तो पश्चात्तापाने नव्हे, भीतीने. दुपारी दोन वाजता चावलेल्या वहाणेबद्दल संध्याकाळी सहा वाजता मार बसला, तर त्या माराचा आणि वहाणेचा संबंध त्याला लागत नाही. त्याला इतकेच कळते की हा मनुष्य घरी आला म्हणजे आपल्याला मारतो.

आमच्या हातून घडलेली चूक

हे आम्ही दुसऱ्यास शहाणपण शिकविण्यासाठी सांगत नाही. आम्ही स्वतः याच बाबतीत चुकलो आहोत, आणि ती चूक आम्हांला आजही सलते. काही वर्षांपूर्वी आमच्या निवासस्थानी एक कुत्रा होता. तो जे दिसेल ते उचली : रुमाल, पुस्तक, चष्म्याचे घर. आम्ही प्रत्येक वेळी धावून जात असू, त्याचा जबडा बळाने उघडून वस्तू हिसकावून घेत असू आणि वर एक रपाटा देत असू. त्यातून तो काय शिकला? वस्तू उचलू नये, हे शिकला नाही. आम्ही पोहोचण्यापूर्वी ती गिळून टाकावी, हे मात्र शिकला. एका उन्हाळ्यात अंगणात पडलेला आंब्याचा बाठा त्याच्या तोंडात दिसला. आम्ही नेहमीप्रमाणे धावलो आणि त्याने तो आमच्यादेखत गिळला. दोन दिवस तो ओकत होता. 'उष्म्याने होत असेल' असे म्हणून आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे नेले तेव्हा उशीर झाला होता. बाठा आतड्यात अडकला होता. तो बाठा त्याने खाल्ला हे खरे. पण त्याच्या घशात तो ढकलला आमच्या धावण्याने.

त्यानंतर त्या पशुवैद्याने आम्हांला जे सांगितले तेच आम्ही आमोण्याच्या त्या ओसरीवर सांगितले, आणि वाचकांसाठीही येथे लिहीत आहोत.

हिसकावू नका, बदला करा

पिल्लाच्या तोंडात नको ती वस्तू दिसली तर ओरडू नये, पाठलाग करू नये. पाठलाग हा त्याला खेळ वाटतो किंवा संकट वाटते. दोन्हींचा परिणाम वाईटच. शांतपणे त्याला आवडणारा पदार्थ घ्यावा, एखादा पोळीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा, आणि त्याच्या नाकापुढे धरावा. तोंड उघडेल, वस्तू खाली पडेल. त्याच क्षणी 'सोड' हा शब्द उच्चारावा, तुकडा द्यावा, वस्तू उचलावी आणि तिच्या जागी चावण्याजोगे काहीतरी त्याच्या पुढ्यात ठेवावे. तो ते चावू लागला की पाठीवरून हात फिरवून शाबासकी द्यावी. दिवसातून चार-पाच वेळा, आठ-पंधरा दिवस हा परिपाठ ठेवला तर बहुतेक पिल्ले नुसत्या शब्दाने वस्तू सोडू लागतात. शब्द मात्र घरातील सर्वांनी एकच ठेवावा. बाप 'सोड' म्हणतो, मुलगी 'दे' म्हणते आणि आजी 'मेल्या' म्हणते, असे झाले तर त्याने शिकावे कोणाचे?

आता द्यावयाचे काय? हिरड्या ठणकत असताना थंड वस्तूने आराम पडतो. जुन्या सुती पंचाला पाण्यात भिजवून, घट्ट गाठ मारून तो थंडगार करून द्यावा. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्यांची मनगटाएवढी जाड वेणी करून दोन्ही टोकांस गाठी माराव्या. कापडाचे धागे सुटू लागले की ते काढून घ्यावे, कारण धागा पोटात गेला तर आतडी गोळा होतात. जाड गाजर थंड करून दिले तर चावणेही होते आणि पोटातही वाईट काही जात नाही. कुत्र्यांसाठी केलेले टणक रबराचे खेळणे बाजारात मिळते. ते घशात जाऊ शकणार नाही एवढे मोठे असावे. अशा दोन-तीन वस्तू ठेवाव्या आणि त्या आळीपाळीने द्याव्या, म्हणजे त्यांचे नावीन्य टिकते.

एक चूक मात्र हटकून होते. घरची जुनी वहाण पिल्लाला 'ही तुझी' म्हणून चावायला दिली जाते. जुनी वहाण आणि नवी वहाण यांतील भेद आपल्याला कळतो. पिल्लाला दोहोंचाही वास एकच. जुनी देऊन आपणच त्याला नव्या वहाणेचा रस्ता दाखवितो.

काय तोंडात जाऊ देऊ नये

आपल्या कोकण-गोव्याच्या अंगणात चावण्याजोगे पुष्कळ असते, आणि त्यातील बरेचसे घातक असते. शिजविलेले कोंबडीचे हाड दाताखाली फुटून त्याच्या काड्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. सणाच्या जेवणानंतर 'त्याचाही सण होऊ दे' म्हणून ताटातील हाडे टाकण्याची रीत घरोघरी आहे. ती प्रेमाची असली तरी धोक्याची आहे. आंब्याच्या बाठ्याविषयी वर सांगितलेच. नारळाचे सोडण दिसायला निरुपद्रवी, पण त्याचे तंतू पोटात साचून गाठ होते; करवंटीच्या फुटलेल्या कडा हिरड्या कापतात. काजूच्या हंगामात ओसरीवर वाळत घातलेल्या बियांच्या टरफलात दाहक तेल असते. आपले हात त्याने भाजतात, मग पिल्लाच्या तोंडाची काय कथा! कण्हेरीची फांदी मुले सहज मोडून कुत्र्यापुढे टाकतात. कण्हेर पानापासून मुळापर्यंत विषारी आहे. मांडवीकाठच्या घरांतून मासे धरण्याचे गळ भिंतीला टेकून ठेवलेले असतात. आमिषाच्या वासाने पिल्लू ते हुंगते आणि आकडा ओठात अडकतो. विजेच्या तारा, उंदीर मारण्याचे औषध, मनुका आणि चॉकलेट हीसुद्धा त्याच्या आवाक्यात नसावीत.

चावू नये म्हणून वस्तूंना मिरचीची पूड फासणारे आम्ही पाहिले आहेत. तसे करू नये. ती डोळ्यांत आणि नाकात जाऊन प्राण्याला विनाकारण यातना होतात. कडू लेपाने काही पिल्ले परावृत्त होतात, काहींना त्याचे काहीच वाटत नाही. खरा उपाय एकच आणि फुकटचा : वस्तू उचलून ठेवणे.

हातांना दात लागले तर

टायगरला कवटाळून बसलेल्या त्या मुलीच्या मनगटावर बारीक ओरखडे होते. खेळताना पिल्लू हात धरते, आणि 'लहान आहे, काय होते' म्हणून घरची माणसे दुर्लक्ष करतात. वास्तविक पिल्लाने माणसाच्या कातडीवर दात किती दाबावा हे त्याला भावंडांच्या संगतीत कळते. एकाने जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. घरीही तोच धडा चालवावा : दात लागला की खेळ थांबवावा, हात काढून घ्यावा आणि मिनिटभर पाठ फिरवावी. बोटे नाचवून त्याला डिवचू नये.

परंतु दाताने कातडी फुटली, रक्त आले किंवा नुसता ओरखडा उठला, तरी तो पिल्लाचा दात आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नये. लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि हा रोग अंगात प्रकट झाल्यावर त्यावर उपाय उरत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची असले काही लावू नये. आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्र गाठून डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लशीचे सर्व डोस पुरे करावे.

या बाबतीत गोव्याने जे साधले ते सर्वांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१३ साली सुरू झालेल्या 'मिशन रेबीज' या उपक्रमाने राज्य सरकारच्या सहकार्याने गोव्यात वर्षाला सुमारे एक लाख कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पण नियंत्रण म्हणजे उच्चाटन नव्हे. हे यश दरवर्षीच्या लशीवर उभे आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा ती पुन्हा टोचून घ्यावी. आम्ही विचारले, तेव्हा टायगरला अजून लस दिलेली नव्हती, असे कळले. वहाणेच्या अंगठ्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी होती.

साखळीला बांधलेला दिवस

आमचे शेवटचे विचारणे असे होते : "हा दिवसभर काय करतो?" थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग शामाय म्हणाली, "काय करणार? बांधलेला असतो. पोर शाळेत, हे दोघे कामावर, आणि मला याच्या मागे धावायला पाय कुठे आहेत?"

दारावरची चौकट का कुरतडली गेली ते आता उलगडले. एकटेपणा आणि रिकामपण ही चावण्याची सर्वांत मोठी कारणे आहेत. सकाळी नदीच्या काठाने अर्धा तास हिंडवून आणलेले पिल्लू दुपारी झोपते. बांधून ठेवलेले पिल्लू लाकूड खाते. बाहेर जाताना त्याला मोकळ्या घरात सोडण्याऐवजी कुडाने आडोसा केलेल्या एका कोपऱ्यात, सावलीत, पाण्यासह आणि त्याच्या चावण्याच्या वस्तूसह ठेवावे. आणि एवढे करूनही मोठा कुत्रा माती, दगड, चिंध्या खात सुटला, तर जंत किंवा पोटाचा विकार असू शकतो. तेव्हा पशुवैद्याला दाखवावे.

राहता राहिला पुलाचा प्रश्न. घरी वाढलेले चार महिन्यांचे पिल्लू अनोळखी रस्त्यावर सोडले तर त्याच्या वाट्याला गाड्यांची चाके, मोठ्या कुत्र्यांचे दात आणि उपासमार येते. जे त्यातून वाचते ते भटक्या कुत्र्यांत भर घालते, आणि मग आपणच भटक्या कुत्र्यांच्या उपद्रवाची तक्रार घेऊन पंचायतीत जातो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे पाळीव प्राण्याला असे हालात टाकून देणे हा अपराधही आहे. आम्ही त्या मुलाला कायदा सांगितला नाही. आम्ही त्याच्याकडे तीन महिन्यांची मुदत मागितली. "पक्के दात येईपर्यंत थांब," आम्ही म्हणालो, "मग पोते हवे तर पुन्हा काढ." त्याने लेकीकडे पाहिले आणि पोते खुंटीला अडकवले.

पावसाळा सरल्यावर आम्ही पुन्हा आमोण्यास गेलो. अंगणात एक उंचापुरा तांबूस कुत्रा आमच्यावर भुंकला आणि मग ओळख पटून शेपूट हलवू लागला. त्याच्या दातांत लुगड्याची वेणी होती. मुलीने "टायगर, सोड" म्हणताच त्याने ती तिच्या पायांशी टाकली आणि तुकड्यासाठी बसला. ओसरीवर दाराशेजारी एक नवी फळी ठोकलेली दिसली. तिच्यावर घरातल्या सर्वांच्या वहाणा ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांतील एकीचा अंगठा मोच्याकडून नव्याने शिवून आणलेला होता.

"मग काय, खोड गेली का त्याची?" आम्ही विचारले.

शामाय हसली. "त्याची नाही गेली, फादर. तो अजून चावतोच. वहाणा वाटेल तिथे टाकण्याची आमची मात्र गेली."